हितं सांगू नगासा

तुरीची डाळ आता मी दुकानातून पिशवीतली आणते. एकटीच्या स्वयंपाकाला अर्धा किलो पुष्कळ दिवस पुरते. पण माघ सरत आला, विश्रामबागेतल्या माझ्या घरासमोरून उसाच्या गाड्या वाढल्या आणि दुपारच्या उन्हाला जरा धार आली, की एखाद्या दिवशी डबा उघडताना हात थांबतो. भिजवून, लाल मातीत घोळून, अंगणात वाळवलेल्या तुरींचा वास नाकाशी येतो. पिशवीतल्या डाळीला तो वास नसतो. कुठून येतो ते मला माहीत आहे, म्हणून मी झाकण लावून टाकते आणि त्या दिवशी मुगाची आमटी करते.

सत्तरच्या दशकातला तो एक हंगाम. एकाहत्तरचं युद्ध होऊन तिसरं वर्ष लागलं होतं. सांगलीच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला नुकतीच लागले होते. चोवीस वर्षांची होते. आमच्या भावकीत इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली मी पहिली मुलगी, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नव्हते. भाजी घेतानासुद्धा काखेत एखादं इंग्रजी पुस्तक असायचं.

अशात प्राचार्यांनी एका सकाळी बोलावलं. त्यांच्या समोरच्या खुर्चीत एक उंच, काळी, रुंद खांद्यांची बाई बसली होती. चाळिशीची असावी. पायांत कोल्हापुरी चपला, अंगात खादीचा झब्बा, मांडीवर टेपरेकॉर्डर. तिचं नाव नोरा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची ब्लूज नावाची गाणी असतात, त्यांच्यावर तिचं काम होतं. तिची आजी कापसाच्या शेतात राबलेली, वडील शेत सोडून शिकागोला कारखान्यात गेलेले. शेतातलं गाणं कारखान्यापर्यंत कसं पोचलं, वाटेत त्यातलं काय गळलं, माणसं बदलली म्हणून गाणी बदलली की गाण्यांनीही माणसांना थोडं पुढं ढकललं, असं ती शोधत होती. पुस्तक अर्धं लिहून झाल्यावर तिला वाटलं, हे फक्त आपल्याकडेच झालं का? म्हणून वर्षभरासाठी ती इकडे आली होती, आणि तिला जात्यावरच्या ओव्या हव्या होत्या. दुभाषी म्हणून प्राचार्यांनी माझं नाव सांगितलं.

पहिल्याच दिवशी तिनं मला एक टेप ऐकवली. एक म्हातारा गात होता. बायको सोडून गेली, घर रिकामं झालं, एवढंच त्या गाण्यात होतं. संपल्यावर ती म्हणाली, ‘यात बायको कुठेच नाही. हा मुकादमाबद्दल गातोय. मुकादम शेजारी उभा असला तरी त्याला कळत नाही.’

मला ते फार आवडलं. वर्गात सांगायला उपयोगी पडेल असंही वाटलं. गाणं गाणाऱ्याच्या जिवाला त्यात काही धोका होता का, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

मीच तिला मावशीच्या गावाला न्यायचं ठरवलं. गाव कऱ्हाडच्या बाजूचं, नदीकाठचं. सांगलीहून एस.टी.नं मलकापूरला उतरायचं आणि पुढं मिळाली तर बैलगाडी, नाहीतर पाय. ऊसवाल्यांचं आणि फौजेतल्या माणसांचं गाव. घरटी एक तरी खाकी कोट खुंटीला असायचा. मावशीच्या घरी दोन होते. एक तिच्या यजमानांचा, म्हणजे सुभेदार आबांचा. दुसरा दिनूदादाचा, जो युद्धात गेला.

दिनूदादा माझा मावसभाऊ. मला सायकल त्यानं शिकवली. मी पडले की उचलायला यायचा नाही, लांब उभा राहून हसायचा, आणि मी रागानं उठले की म्हणायचा, ‘बघ, आलं की नाई उठायला.’ तो गेल्याचं कळलं तेव्हा मी एम.ए.च्या अभ्यासात होते. दोन दिवस गावी राहिले आणि परत आले. इतकंच माझं रडणं झालं.

सोप्यात शिरल्याबरोबर समोर त्याचा फोटो, हार घातलेला. त्याखाली आबांची बसायची जागा. आबा ताठ माणूस. दर सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला त्यांना बोलावणं असे. छातीवर चार बिल्ले लावून ते जात आणि मुलांना दिनूदादाची गोष्ट सांगत. मीही ऐकलेली. ‘दिवाळीच्या रजेवर आल्ता. तार आली तवा जेवत हुता. ताटावरनं उठला आन निघाला. माघारी वळून बघिटलं न्हाई गड्यानं.’

आणि घरात वत्सलावहिनी. तिचं माहेर पूर्वेकडचं, फलटणच्या पलीकडच्या कोरड्या मुलखातलं. लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा दादा गेला. त्या चार वर्षांत नवऱ्याच्या तीन रजा तिच्या वाट्याला आल्या होत्या. मूल नव्हतं. आता ती पांढऱ्या कपाळानं सगळ्या घराचं काम उपसत होती आणि कुणी विचारलं तरच बोलत होती.

नोराला पाहून आबा उठून उभे राहिले. मला वाटलं, बाई काळी म्हणून बिचकले असतील. पण त्यांचा चेहरा वेगळाच उजळला. ‘इटली,’ ते म्हणाले. ‘युवर पीपल. ट्रक. व्हेरी गुड ड्रायव्हर. गिव्ह मी सिगरेट.’ नोरा मोठ्यानं हसली. तिचे एक काकाही दुसऱ्या महायुद्धात इटलीत ट्रक चालवत होते. दोघं बराच वेळ ‘इटली, इटली’ करत मान डोलवत राहिले. मला आबांच्या त्या इंग्रजीची गंमत वाटली. पंधरावीस शब्द, तेही सुटे. पंचवीस वर्षं त्यांनी साहेबाची इंग्रजी ऐकली होती. बोलायची वेळ ‘येस सर’च्या पुढं आली नसेल, पण ऐकणं पंचवीस वर्षांचं होतं. हे कळायला इंग्रजीची एम.ए. लागत नाही. मला कळलं नाही.

बातमी लागताच आळीतल्या बायका जमल्या. कुणी नोराचा हात हातात घेऊन पाहिला, कुणी केसांना बोट लावलं. चंद्राकाकू म्हणाली, ‘ही तर आपल्यातलीच दिसती की. नाव काय म्हनायचं?’

‘नोरा.’

‘नवरा?’

‘नोरा गं, काकू.’

‘मी नवराच म्हननार. नवराबाई. आता हाक मारली तर गावातलं समदं बापय घाबरत्यात का न्हाई बघ.’

बायका हसून वाकल्या. मी नोराला अर्थ सांगितला तशी तीही हसली. वहिनीनं पदर तोंडाशी नेला. तिला हसताना मी दादा गेल्यापासून पहिल्यांदा पाहिलं.

गावात डिझेलवरची गिरणी येऊन दोन वर्षं झाली होती. तिचा ठोका दिवसभर ऐकू यायचा. ज्वारी, बाजरी तिकडंच जायची. जात्याला उरलं होतं ते डाळींचं भरडण, तेही माघ-फाल्गुनात तुरी, हरभरे निघाले की. तेच दिवस चालले होते. अंगणाअंगणात लालसर तुरी पसरलेल्या. मागच्या पडवीत दुपारभर जाती फिरत.

नोरानं चंद्राकाकूला विचारलं, गिरणीत बायका गातात का? काकू म्हणाली, ‘तितं रांगंत हुबं ऱ्हायाचं आन डबा म्होरं सरकवायचा. गातंय कोन? आन गायलं तर त्या इंजिनापुढं कुनाला आयकू येतंय?’

‘मग जे गायचं असतं ते कुठं जातं?’

नोराचा हा प्रश्न मी मराठीत विचारला. काकू म्हणाली, ‘जातंय कुटं? ऱ्हातंय तितंच.’

नोरानं ते उत्तर वहीत लिहून घेतलं आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

दोन दिवसांत तिच्या बऱ्याच टेपा भरल्या. सीतेचा वनवास झाला, भाऊ माहेरी न्यायला आला, मळ्याच्या वाटेवर मोगरा फुलला. बायका छान गायल्या. मी भराभर अर्थ सांगत होते. दुसऱ्या संध्याकाळी नोरा म्हणाली, ‘सुंदर आहेत. पण ही पाहुण्यांना द्यायची गाणी आहेत. घरातली अजून कुणी काढली नाहीत.’ मला जरा राग आला. मी आणलेल्या माणसांनी तिला काही कमी दिलं, असं वाटलं.

तिसऱ्या दिवशी मावशी साखरपुड्याला शेजारच्या गावी गेली. आबा मळ्याकडं. मागच्या पडवीत वहिनी एकटी तुरी भरडत होती. नोरा जाऊन तिच्यासमोर बसली, तिच्यासारखेच पाय पसरले आणि खुंट्याला हात लावला. दोघी मिळून जातं ओढू लागल्या. नोराला आधी लय सापडेना, मग सापडली. टेप चालू होती, वहिनीला ते दिसत होतं. बराच वेळ जात्याच्या घरघरीखेरीज काही नव्हतं.

मग वहिनी म्हणाली, ‘वन्सं, हिला मराठी येतंय?’

‘नाही.’

‘जरा बी न्हाई?’

‘नमस्कार आणि पाणी, एवढंच.’

तिनं आणखी दोन मुठी तुरी घातल्या. ‘तुमास्नी मातर कळनार.’

‘हो.’

‘कळू द्या. पर हितं कुनाला सांगू नगासा. तिच्या मुलखात तिनं कुनाला बी सांगू द्या. हितं नगं.’

‘नाही सांगणार,’ मी म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

तिनं मान खाली घातली आणि गायला लागली. आवाज बारीक, पण आत कुठं अडखळणारा नव्हता. त्या ओव्या अजून पाठ आहेत.

दिवाळीच्या सणासाठी | राघू माझा आला घरी
तारेचा गं कागद | आला त्याच्या पाठीवरी

उसाच्या गं फडामंदी | मोर माझा लपविला
पाचटाच्या आड बाई | दोन दिस जपविला

भाकर मी नेते बाई | पदराच्या आडूशाला
पुसत्याल्या बायकांना | सांगे गेला फलटणाला

मामंजी माझे गं | छातीवरी बिल्ले चार
हाताला धरून | लेक काढिला भाईर

हार घाली फोटूला | आत्याबाई रडती
आवाज कसा हुता | जात्या, मी गं इसरती

शेवटची ओवी तिनं तीनदा म्हटली. मग जातं थांबवलं, पाळीवरची डाळ हातानं गोळा केली आणि सुपात भरून मागच्या अंगणात पाखडायला गेली. नोराला शब्द कळले नव्हते, पण तिनं टेप बंद करताना माझ्याकडं पाहिलं आणि काही विचारलं नाही.

ताटावरनं उठून गेलेला, माघारी वळून न पाहिलेला माझा दादा उसात लपून बसला होता. त्याला भीती वाटली होती. मला सायकलवरून पडू देणारा, लांबून हसणारा दादा उसाच्या वाळल्या पाल्यात, पाचटात अंग चोरून बसलेला मला दिसायला लागला. त्या वेळी मी तशीच उठून नदीवर गेले असते, एकटीच रडले असते, तरी निभलं असतं.

पण नोराच्या डोळ्यांत मला काय दिसलं, तर उत्सुकता. आणि तिला हवं असलेलं घरातलं गाणं आता माझ्याजवळ होतं, फक्त माझ्याजवळ. आम्ही सोप्यात आलो. मी वही उघडली. नोरा म्हणाली, ‘सांगलीला गेल्यावर करू. घाई नाही.’ मी म्हणाले, ‘आत्ता ताजं आहे. नंतर शब्द निसटतील.’ ती पुन्हा म्हणाली, ‘सुनंदा, जिथं गाणं म्हटलं त्या घरात त्याचा अर्थ मी लिहून घेत नाही.’ मी हसले. म्हणाले, ‘इथं इंग्रजी कुणाला येतंय?’

आबा तेवढ्यात मळ्यातून आले होते आणि अंगणात अंबाडीचं दावं वळत बसले होते. मी त्यांना पाहिलं होतं. इतकी वर्षं मी स्वतःला सांगून पाहिलं की पाहिलं नव्हतं, पण पाहिलं होतं. वहिनीनं ‘हितं’ म्हटलं होतं. इंग्रजी म्हणजे ‘हितं’ नव्हे, अशी माझी समजूत. इंग्रजीत बोललेलं त्या अंगणात उतरतच नाही, वरच्यावर कुठंतरी विलायतेला निघून जातं, असं मला वाटत होतं.

मी ओव्या इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. पाचटाला मला चांगला शब्द सुचला, तो मी दोनदा म्हटला. चाल यावी म्हणून ओळी जरा मोठ्यानं म्हटल्या. बाप, चार बिल्ले, हात धरून बाहेर काढलेला मुलगा. दोन दिवस.

‘नॉट टू डेज,’ अंगणातून आवाज आला.

मी वर पाहिलं. आबांच्या हातातलं दावं थांबलं होतं. ते आमच्याकडं पाहत नव्हते.

‘वन नाइट. वन डे,’ ते म्हणाले. मग दावं तिथंच ठेवून उठले आणि गोठ्यात गेले.

त्या क्षणाचं मला आजही भय वाटतं ते एवढ्याचसाठी की त्यांनी खोटं म्हटलं नाही. ओरडले असते, नाकारलं असतं, तर मी कदाचित काही सावरून घेतलं असतं, अर्थ चुकला म्हणाले असते. त्यांनी फक्त दुरुस्ती केली, फौजेत अहवालात करतात तशी.

दिवेलागणीला ते सोप्यात येऊन आपल्या जागेवर बसले. ‘ते वाजवा,’ म्हणाले. नोराला मी सांगितलं. ती म्हणाली, ‘गाणं तिचं आहे. तिला विचारायला सांग.’ मी तेही आबांना सांगितलं.

‘ह्या घरात कुनाला काय इचारायचं त्ये मी बघीन. सुनंदा, लाव.’

नोरानं टेपरेकॉर्डरवरचा हात काढला नाही. तो मी बाजूला केला. बटण मी दाबलं. कसं दाबायचं ते तीन दिवसांत शिकले होते.

आधी जात्याची घरघर आली, मग वहिनीचा आवाज. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं आबांकडं पाहिलं नाही, टेपकडं पाहिलं नाही. ती माझ्याकडं पाहत होती. नजरेत राग असता तर बरं झालं असतं. मी कोण आहे, ते ती पहिल्यांदा नीट बघत असावी असं तिचं बघणं होतं.

तिसऱ्या ओवीच्या सुमाराला मावशी साखरपुड्याहून परतली. हातात ओटीचा नारळ तसाच. उंबऱ्यात थांबली आणि शेवटपर्यंत तिथंच उभी राहून ऐकलं. टेप फिरायची थांबली तेव्हा ती म्हणाली, ‘खरं हाय ह्ये?’

‘व्हय,’ आबा म्हणाले.

‘आवं, ताटावरनं उठला म्हनत हुतासा.’

आबा फोटोकडं पाठ करूनच म्हणाले, ‘लय भ्याला हुता. हात गार पडला हुता त्येचा. मी सोडला न्हाई.’ थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, ‘मी बी भ्यालो हुतो तिकडं. जाऊन आलो की. त्यो बी यील वाटलं.’

मावशीनं नारळ जमिनीवर ठेवला, त्याच्या शेजारी बसली आणि भिंतीला डोकं टेकलं. कुणी रडलं नाही. बाहेर गिरणीचा ठोका बंद झाला होता, त्यामुळे घरात फारच शांत वाटत होतं.

सकाळी आबा मावशीला म्हणाले, ‘पोरीला चार दिस माह्यारी जाऊन यू दे.’ त्यात कठोर असं काही नव्हतं. पण वहिनीनं गाठोडं बांधलं ते चार दिवसांचं नव्हतं, हे मला दिसत होतं. आम्ही तिघी एकाच बैलगाडीतून मलकापूरला आलो. वाटेत ऊस तोडलेली रानं, फडात पाचट पेटवलेलं, त्याचा धूर. फलटणची गाडी आधी आली. नोरानं वहिनीचा हात दोन्ही हातांत धरला. वहिनीनं तिला धरू दिला. मी गाठोडं वर चढवायला पुढं झाले, तर तिनं ते माझ्या हाताला लागू न देता स्वतःच उचललं.

सांगलीच्या गाडीत नोरा म्हणाली, ‘आमच्याकडं एका पुस्तकात एका म्हाताऱ्याचं गाणं छापून आलं, खाली गावाचं नाव. मग त्याला त्या गावात राहता आलं नाही.’ मग म्हणाली, ‘हे मी तुला आधी सांगायला हवं होतं.’ तिनं दोषाचा अर्धा वाटा आपल्याकडं ओढला, हे मला कळत होतं. मी तो तिला घेऊ दिला.

त्या मार्चमध्ये परीक्षा लागल्या. मी वर्गात फेऱ्या मारत होते. प्रश्नपत्रिकेत दिलेल्या उताऱ्याचं इंग्रजीत भाषांतर करायचं होतं. पन्नास मुलं माना खाली घालून लिहीत होती. एका मुलीनं हात वर करून विचारलं, ‘मॅडम, शब्द आठवत नसेल तर मोकळी जागा सोडली तर चालेल?’ मी म्हणाले, ‘चालेल.’ नियमाप्रमाणे असं सांगायचं नसतं.

चार दिवसांचे चार महिने झाले. वहिनीला आणायला कुणी गेलं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी मावशी स्वतः गेली, एकटी, दोन गाड्या बदलून. सुनेला आणायला सासूनं जायचं, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. वहिनीनं तिला जेवू घातलं, तिच्या पायांना तेल लावलं, आणि म्हणाली, ‘आत्याबाई, मी न्हाई येत.’ मावशीनं हे मला सांगितलं तेव्हा ती वहिनीवर रागावलेली नव्हती. ‘माझं बी तितं काय ऱ्हायलंय,’ म्हणाली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला शाळेचा शिपाई बोलवायला आला. आबा बाजेवर बसून होते, गेले नाहीत. त्यानंतर त्यांना कुणी बोलावलं नाही. ते दशक संपायच्या आत ते गेले. मावशी त्यांच्याशी जेवणापाण्याचं तेवढं बोलायची. फोटोला हार घालायचं मात्र दोघांनी चालू ठेवलं होतं, एक दिवस तिनं, एक दिवस त्यांनी.

अधूनमधून मला वाटतं, खरं बाहेर आलं ते बरंच झालं. दादाला निदान भ्यायची मुभा मिळाली. वर्गात कुणी असं म्हटलं असतं तर मी मान डोलावली असती. पण मग पडवीतली ती मान खाली घातलेली बाई आठवते आणि तिनं घातलेली एकच अट.

नोरा परत गेल्यावर तिचं पत्र आलं. गाणं पुस्तकात घ्यावं का, वत्सलाला विचारून कळव. मी उत्तर दिलं नाही. दुसरं पत्र आलं, तेही टेबलाच्या खणात ठेवलं. तिसऱ्या पत्रात एकच ओळ होती: तिला विचारल्याशिवाय मी ते छापणार नाही, आणि विचारणारी तूच आहेस. ते वाचून दोन वर्षांनी मी फलटणला गेले.

वहिनी एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होती. दुपारची वेळ, चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. अंगानं भरली होती, कपाळ तसंच, पण बसणं मोकळं होतं. मला पाहून तिनं शेजारचा पाट पायानं पुढं सरकवला.

‘बस, सुनंदा,’ ती म्हणाली.

त्याआधी तिनं मला कधी नावानं हाक मारली नव्हती. वन्सं म्हणायची, तुमी म्हणायची. मी पाटावर बसले. माफी मागायची म्हणून बसमध्ये वाक्यं जुळवली होती, त्यांतलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. मी सरळ नोराचं पत्र काढलं आणि काय विचारलंय ते सांगितलं.

‘छापू दे की,’ ती म्हणाली. ‘पर नाव घाल म्हनावं.’

‘ती नावं घालत नाही. गाणाऱ्याला त्रास नको म्हणून.’

‘मला आता कसला तरास? घाल म्हनावं. वत्सला.’

‘आणि आडनाव?’

‘कुनाचं घालू?’ तिनं माझ्याकडं पाहून विचारलं. मी पत्राची घडी घातली. ‘नुसतं वत्सला,’ ती म्हणाली.

भाकरी तव्यावर टाकून तिनं वरून पाणी फिरवलं. मग म्हणाली, ‘त्या दिशी इंग्रजीत कसं म्हनलं हुतंस? म्हन बघू.’

मी म्हटलं. पाची ओव्या, त्याच शब्दांत. पाचटाचा तो शब्दसुद्धा. ती पिठाचे हात तसेच धरून माझ्या ओठांकडं बघत होती.

‘सरलं?’

‘हो.’

‘यवडंच आयकलं मामंजींनी?’

‘एवढंच.’

‘दोन वर्सं मी ह्येच म्हनत हुते जात्यावर,’ ती म्हणाली. ‘घरात दुसरं कुनी नसलं की. त्यांची बाज भिंतीच्या पल्याड, त्ये असायचं बाजंवर. येकदा बी कानावर गेलं न्हाई. मला वाटायचं, कवा तरी जाईल. जाऊ दे, म्हनूनच म्हनत हुते.’ तिनं भाकरी उलटली. ‘तुज्या तोंडनं गेलं.’

मला तोवर हे कधी सुचलं नव्हतं की त्या ओव्या कुणी ऐकू नयेत म्हणून नव्हत्या, एका माणसानं ऐकाव्यात म्हणून होत्या. आणि ते कधी, कसं, ते तिचं तिला ठरवायचं होतं.

‘परत म्हन,’ ती म्हणाली.

मी तोंड उघडलं. पहिल्या ओळीचा पहिला शब्दच येईना. ती थांबली. भाकरी फुगली, ती काढून तिनं दुसरी टाकली. बाहेर मुलींच्या ताटांचा आवाज सुरू झाला.

‘न्हाई येत?’

मी मान हलवली.

‘ऱ्हाऊ दे मग. जेवून जा.’

मी मुलींच्या रांगेत शेवटी जाऊन बसले. तिनं मला त्यांच्याइतकंच वाढलं, एक भाकरी, एक वाटी आमटी, आणि पुन्हा पहिल्या ताटापासून भात वाढायला सुरुवात केली.